घरच्या वर्कशॉपमधली इलेक्ट्रिक गिटार: तुमचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार बनवण्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आलेत की सगळे इथे मावणार नाहीत, म्हणून जे बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलेत तेच घेतलेत. आधीच सांगते, निम्म्याहून जास्त प्रश्न लाकडाचे आहेत आणि मापांचे अगदी मोजके. माझ्या मते हे उलटं हवं होतं, कारण सॉलिड बॉडीची, म्हणजे भरीव लाकडाची गिटार सुरात वाजणार की नाही ते मापांवर ठरतं, लाकडाचा नंबर त्यानंतर लागतो.

प्रश्न: ताई, आमचं गावचं जुनं घर उतरवलं, त्यातल्या सागाच्या तुळया पडून आहेत, ८०-९० वर्षांच्या तरी असतील. त्यातून गिटारची बॉडी निघेल का? की महोगनीच लागते? (चिपळूण)

नक्की करा, असं लाकूड आज वखारीत पैसे देऊनही मिळत नाही. इतकी वर्षं छपराखाली राहिलेलं लाकूड वाळून बसलेलं असतं, ते आता सहसा पिळ खात नाही. पण पावसात उघड्यावर पडलं असेल तर वरच्या थरात ओल शिरलेली असणार, म्हणून फळ्या कापून झाल्या की घरात हवेशीर ठेवा आणि दर आठवड्याला काट्यावर वजन करून भिंतीवर लिहीत जा, वजन उतरायचं थांबलं की लाकूड तुमच्या हवेशी जमलं असं समजायचं. कोकणात पावसाळ्यात लाकडातलं पाणी १६-१७ टक्क्यांपर्यंत जातं आणि आपल्याला ८ ते १० टक्के हवंय, त्यामुळे जोडकाम आणि नेक (गिटारची लांब मान) बसवायचं काम दिवाळीनंतरच काढा, जुलैमध्ये अजिबात नको. दुसरं म्हणजे खिळे. जुन्या तुळईत मोडके खिळे आतच राहिलेले असतात, लोहचुंबक फिरवून बघा, नाहीतर राउटरचं (लाकूड कोरायच्या यंत्राचं) बिट तर जाईलच आणि तुकडा उडून डोळ्यात जायची भीती वेगळी.

सागाचा खरा त्रास वजनाचा. नेहमीची बॉडी ४५ मिमी जाड असते, त्या मापात साग अडीच ते पावणेतीन किलोला जातो, त्यावर नेक आणि हार्डवेअर धरलं तर गळ्यात अडकवून दोन तास उभं राहणं अवघड होतं. उपाय म्हणजे बॉडी आतून कोरायची आणि वर ५-६ मिमीची फळी चिकटवायची, ब्रिजखालचा (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) आणि मधल्या रेघेचा भाग मात्र भरीव ठेवायचा. सागात तेल असतं त्यामुळे फेव्हिकॉल धरत नाही असं बरेच जण म्हणतात, तर चिकटवायच्या अगदी आधी दोन्ही कडा रंधा मारून ताज्या करा, ॲसिटोनच्या फडक्याने पुसा आणि उडून गेलं की लगेच गोंद लावून शिकंजे आवळा, मग धरतं.

आणि महोगनीच पाहिजे असं मनात असेल तर क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांची गिटार आठवा. १९६३ मध्ये शाळेत असताना त्यांनी वडिलांबरोबर घरी ती बनवायला घेतली, नेकसाठी लाकूड काढलं शंभरेक वर्षं जुन्या शेकोटीच्या चौकटीतून, त्याला किडीची भोकं होती ती काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली, बॉडीचं ओक जुन्या टेबलाचं, फ्रेटबोर्डवरचे (नेकवरची बोटं ठेवायची पट्टी) ठिपके आईच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे, ट्रेमोलोच्या (दांड्याने सूर हलवायच्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या. ती गिटार पुढे क्वीनच्या रेकॉर्डवर वाजली आणि जगभरच्या स्टेजवर गेली. (त्याच क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकले, पहिला बँडही त्यांनी तिथेच केला, हे मला दर वेळी सांगावंसं वाटतं.)

प्रश्न: नेक घरी बनवू की तयार आणू? मित्र म्हणतात तयार नेक लावली तर ती आपण बनवलेली गिटार म्हणायची नाही. (पुणे)

पहिल्या गिटारला तयार नेक आणा, मित्रांचं मनावर घेऊ नका. १९५० मध्ये अमेरिकेतले गिटार बनवणारे लिओ फेंडर यांनी जी गिटार बाजारात आणली आणि जिचं नाव पुढे टेलिकास्टर झालं, तिची नेक मुळात चार स्क्रूंवरच बसते. बॉडी वेगळी बनवायची, नेक वेगळी बनवायची, बिघडली तर काढून दुसरी लावायची असाच त्यामागचा विचार होता. तुम्ही बॉडी, सगळं वायरिंग आणि सेटअप केलात तर काम तुमचंच आहे. दुसऱ्या गिटारला नेक स्वतः करा, तोपर्यंत चांगली नेक हाताला कशी लागते ते कळलेलं असेल.

फक्त नेक हातात आल्याशिवाय बॉडीत तिची खाच पाडू नका. कागदावर नेकची टाच, म्हणजे बॉडीत बसणारं टोक, ५६ मिमी म्हटलेली असते आणि प्रत्यक्षात अर्धा मिमी इकडेतिकडे निघते. खाचेची खोली साधारण १६ मिमी असते पण तीही तुमचा ब्रिज किती उंच आहे ते बघून ठरवा. नेक खाचेत इतकी घट्ट बसली पाहिजे की स्क्रू न लावता बॉडी उचलली तरी ती गळून पडू नये. तशी बसली तर अर्धी लढाई जिंकली. आणि सगळ्यात आधी फळीवर मधली रेघ मारा, नेक, पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबकाचं वेटोळं), ब्रिज सगळं तिच्यावरून मोजा, पॉलिश पेपर मारताना पुसली तर परत मारा, ती शेवटपर्यंत दिसली पाहिजे.

प्रश्न: मी डिप्लोमाला आहे, फ्रेटबोर्ड स्वतः करायचाय. फ्रेटच्या (फ्रेटबोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) जागा कशा काढायच्या? एका ठिकाणी १८ ने भागा लिहिलंय, दुसरीकडे १७.८१७. एवढ्याशा फरकाने काय होतं? (नाशिक)

सगळ्या पत्रांत मला हा प्रश्न सगळ्यात जास्त आवडला. फरक होतो, आणि चांगला होतो.

१८ चा नियम फार जुना आहे. गॅलिलिओचे वडील व्हिन्सेंझो गॅलिली हे स्वतः ल्यूट वाजवायचे आणि सोळाव्या शतकात त्यांनी १८ ला १७ हे प्रमाण मांडलं, हाताने हिशोब करायला सोपं म्हणून कारागिरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं. पण बारा समान स्वरांचं सप्तक करायचं तर प्रत्येक पायरीला तारेची लांबी २ च्या बाराव्या मुळाने, म्हणजे १.०५९४६ ने भागली जायला हवी, त्यावरून भाजक येतो तो १७.८१७. आता ६४८ मिमी स्केल (तारेची वाजणारी लांबी) घ्या, म्हणजे फेंडरची नेहमीची साडेपंचवीस इंच. बारावी फ्रेट बरोबर मध्यावर, ३२४ मिमीवर पडली पाहिजे कारण तिथे वरचा सा आहे. १८ ने भागत गेलात तर ती ३२१.६ च्या आसपास पडते, म्हणजे दोन मिमीहून जास्त चूक, आणि तेवढ्याने गिटार वरच्या फ्रेट्सवर कानाला खटकायला लागते.

करायचं असं: ६४८ भागिले १७.८१७ म्हणजे ३६.३७, ही पहिली फ्रेट नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी). उरले ६११.६३, त्याला परत भागा, ३४.३३ येतील, म्हणजे दुसरी फ्रेट नटपासून ७०.७० वर. तिसरी १०३.१० वर. असं एक्सेलमध्ये बाविसाव्यापर्यंत काढा. आणि इथे लक्ष द्या, प्रत्यक्ष खुणा करताना प्रत्येक माप नटपासूनच घ्यायचं, एका फ्रेटवरून पुढची मोजत गेलात तर दर वेळी पाव मिमी चुकून शेवटी ते साठत जातं. स्टीलची एकच लांब पट्टी चिकटपट्टीने फ्रेटबोर्डवर पक्की बसवा, धारदार सुरीच्या टोकाने खूण करा, पेन्सिलची रेघच अर्धा मिमी जाड असते. प्रिंट काढून चिकटवणार असाल तर झेरॉक्सवाल्याला पान लहानमोठं न करता शंभर टक्क्यांवर काढायला सांगा आणि आल्यावर पट्टीने तपासा, बऱ्याचदा दोन-तीन मिमी खाल्लेले असतात.

खाचेची रुंदी ०.६ मिमीच्या आसपास लागते, नेहमीची करवत त्यापेक्षा जाड कापते आणि मग फ्रेट ढिली बसते, त्यामुळे बारीक पात्याची फ्रेटची करवतच मागवा, हा खर्च वाचवू नका. फ्रेटबोर्डला शिसम उत्तम, तो आपल्याकडे मिळतो आणि जगभरचे गिटारवाले तो आपल्याकडूनच नेतात.

ब्रिजची जागा हा त्याच हिशोबाचा शेवटचा टप्पा. पातळ पहिल्या तारेचं सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) नटपासून साधारण ६४८ वर येतं, पण जाड तार दाबली की जास्त चढते म्हणून सहाव्या तारेचं सॅडल ३ ते ५ मिमी मागे लागतं. ब्रिज स्क्रू करायच्या आधी दोन्ही बाजूच्या तारा नुसत्या ताणून बघा, फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर जातात का, मगच भोकं पाडा. पुढे ट्यूनर (सूर दाखवणारं यंत्र) लावून बाराव्या फ्रेटवर स्वर चढा येत असेल तर सॅडल मागे घ्या, उतरा असेल तर पुढे.

प्रश्न: आमच्या गावाजवळ मिरज आहे म्हणून विचारतो, सतारीचं लाकूड गिटारला चालेल का? आणि माझ्या गिटारची उघडी तार छेडली की सतारीसारखी झणझण येते, बोट ठेवलं की जाते. हे काय आहे? (सांगली)

दोन्ही प्रश्न छान जोडलेत. सतार-तंबोऱ्याला तूण वापरतात, लालसर, हलकं, रंध्याला मऊ लाकूड, बॉडीसाठी फारच चांगलं, तेवढ्याच मापाची बॉडी सागापेक्षा अर्धा-पाऊण किलो हलकी होते. मऊ आहे म्हणून स्क्रूची भोकं आधी बरोबर मापाच्या ड्रिलने पाडा आणि नेकसाठी मात्र ते वापरू नका, दहा नंबरच्या सेटच्या (सगळ्यात पातळ तार ०.०१० इंच) सहा तारा मिळून साधारण ४६ किलोने नेक ओढत असतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तिथल्या कारागिरांकडे जाऊन नुसतं बसा, लाकूड ठोकून आवाज कसा ऐकतात, जोड कसा बसवतात ते बघा, गिटार करणाऱ्यालाही त्यातून खूप मिळतं.

आता झणझण. सतारीत हा आवाज मुद्दाम काढतात, ब्रिजची पाठ किंचित गोलाईत घासून तार तिच्यावर हलकेच घासत राहील अशी ठेवतात, ती जवारी. तुमच्या गिटारमध्ये तेच नकळत नटवर झालंय. नटमधली खाच सपाट किंवा पुढे उतरती राहिलीय, त्यामुळे तार खाचेच्या पुढच्या कडेवर न टेकता मागे कुठेतरी टेकते आणि पुढच्या भागावर घासते. बोट ठेवलं की तार फ्रेटवर टेकते, नटचा संबंध संपतो, म्हणून आवाज जातो. बारीक कानशीने खाच मागे हेडस्टॉकच्या (नेकचं खुंट्यांचं टोक) बाजूला थोडी उतरती करा, पुढची कड मात्र अजिबात खाली जाऊ देऊ नका, ती खाली गेली तर तार पहिल्या फ्रेटवर आपटेल आणि नट नवीन करावा लागेल.

बोट ठेवूनही झणझणत असेल तर कारण वेगळं, बहुतेक पुढची फ्रेट उंच असते. तीन फ्रेटवर बसेल एवढी छोटी सरळ पट्टी ठेवून डुगडुगते का बघा. आणि त्याआधी नेकचा बाक तपासा, पहिली आणि शेवटची फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली ०.२ मिमीच्या आसपास फट हवी, हे मोजायला गॅरेजवाले व्हॉल्व्ह सेट करायला वापरतात ते फिलर गेज घ्या.

प्रश्न: पिकअप घरी वळायचाय. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून ४२ नंबरची तार आणली पण बॉबिन (तार वळायची रीळ) अर्ध्या वेढ्यांतच भरला. (कोल्हापूर)

तुम्ही वळण्यात काही चुकलेलं नाही, नंबर वेगळ्या पद्धतीचा आहे. पिकअपच्या माहितीत जो ४२ लिहिलेला असतो तो अमेरिकन गेजचा, ती तार ०.०६३ मिमीची. आपल्याकडची रिवाइंडिंगची दुकानं एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज) नंबरने तार देतात आणि त्यात ४२ म्हणजे ०.१ मिमी. तुम्हाला एसडब्ल्यूजी ४६ मागायला हवी, ती ०.०६१ येते. दुकानात नंबर न सांगता मिमी सांगा.

सिंगल कॉइलला, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपला, साडेसात ते आठ हजार वेढे घ्या, मीटरवर ६ किलोओहमच्या आसपास आलं की बरोबर चाललंय. तार केसाइतकी बारीक असते, बोटांत फेल्टचा तुकडा धरून त्यातून सोडा, फार ओढली तर तुटते, फार ढिली सोडली तर आतली वेटोळी हलतात आणि अँप (ॲम्प्लिफायर) मोठा केला की पिकअप किंचाळतो. त्यासाठी वळून झाल्यावर मेणात बुडवायचा, पॅराफिनमध्ये थोडं मधमाशांचं मेण, गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून ६०-६५ अंशांपर्यंत, थेट गॅसवर कधीच नको, मेण पेटतं. बाहेर बुडबुडे यायचे थांबले की काढा. तीन पिकअप करणार असाल तर मधला उलट्या दिशेने वळा आणि त्याचे मॅग्नेटही उलटे लावा, मग दोन पिकअप एकत्र वाजवले की विजेच्या लाइनची ५० हर्ट्झची घरघर एकमेकांना मारते. सिंगल कॉइलला २५० के (किलोओहम) चे पॉट, म्हणजे आवाज आणि टोन कमीजास्त करायची बटणं, आणि हमबकरला (दोन वेटोळ्यांचा पिकअप) ५०० के.

प्रश्न: गिटार झाली, पण अँपला लावली की घरघर येते, तारांना हात लावला की कमी होते. आणि कधीकधी ओठ माइकला लागला की झटका बसतो. भाऊ म्हणतो ब्रिजची ग्राउंड वायर काढून टाक. (ठाणे)

वायर काढू नका, आणि हे उत्तर वाचून झाल्यावर तपासणी होईपर्यंत तो अँप लावूही नका.

पहिली घरघर साधी आहे. हात लावल्यावर कमी होते याचा अर्थ ब्रिजचं ग्राउंड नीट जोडलंय. पिकअपच्या आणि कंट्रोलच्या खाचांना आतून तांब्याची चिकटपट्टी लावा, तुकडे एकमेकांना जोडलेत का ते मीटरने बघा, त्या पट्टीला ग्राउंडची वायर सोल्डर करा. खोलीतले एलईडी दिवे आणि पंख्याचा डिमर बंद करून बघा, बराच आवाज तिथूनच येतो.

झटका मात्र गंभीर आहे आणि तो गिटारचा दोष नाही. तारा ब्रिजला, ब्रिज जॅकला (केबल खोचायची जागा), जॅक केबलमधून अँपच्या चॅसिसला (धातूच्या सांगाड्याला) आणि चॅसिस तीन पिनमधल्या मोठ्या पिनेतून जमिनीला, असा तो रस्ता आहे. घरातलं अर्थिंग तुटलेलं असेल किंवा दोन पिनचा कन्व्हर्टर लावला असेल तर चॅसिसवर आलेला करंट जमिनीत जात नाही, तो तारांवर बसून राहतो आणि माइकला ओठ लागला की तुमच्यातून जातो. ह्याने माणसं दगावलेली आहेत. इलेक्ट्रिशियनला बोलवून त्या सॉकेटचं अर्थिंग मोजून घ्या, बिल्डिंगचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो तोही बघायला सांगा, आणि लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवा. अँप आणि माइकचा मिक्सर एकाच अर्थिंगवरच्या सॉकेटला लावा. अर्थ पिन तोडून घरघर घालवणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नका.

प्रश्न: मुलगा यंदा दहावीला होता, सुट्टीत गॅलरीत गिटार बनवायची म्हणतोय. फ्लॅटमध्ये जमेल का, आणि धोकादायक आहे का? (डोंबिवली)

जमेल, थोडी व्यवस्था लावायला लागेल. फळी कापणं आणि रंध्यावर एकसारखी करणं हे सॉ मिलमध्ये करून आणा, थोड्या पैशात होतं आणि घरातला मोठा आवाजच वाचतो. पुढची कामं जिगसॉ किंवा हाताची करवत, पटाशी, कानस, गुण्या आणि दोन-चार शिकंजे एवढ्यावर होतात. राउटर हे एकच हत्यार असं आहे की ते चालवताना तुम्ही किंवा कुणी माहितगार शेजारी उभं राहावं, लाकूड दोन शिकंज्यांनी पक्कं, एका वेळी ३-४ मिमीच कापायचं, चष्मा लावायचा, बिट बदलताना प्लग काढायचा. शिसमची धूळ काहींना सोसत नाही, अंगाला खाज येते, श्वास लागतो, म्हणून एन ९५ मास्क घालायलाच लावा आणि धूळ कोरड्या झाडूने न काढता ओल्या फडक्याने पुसा. सुट्टीत सगळं नाही झालं तर राहू द्या, अर्धवट बॉडी कपाटात वर्षभर राहिली तर तिचं काही बिघडत नाही, उलट लाकूड आणखी बसतं.

प्रश्न: एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारलं, सकाळी बघते तर बॉडीवर पांढरट धुकं आलंय. सगळं खरवडायला लागेल का? (म्हापसा)

नाही हो, खरवडू नका. दमट हवेत थिनर भरभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी लॅकरमध्ये अडकतं. कोरड्या दिवशी, दुपारच्या उन्हात हवा तापलेली असताना, वरून रिटार्डर (हळू उडणाऱ्या) थिनरचा अगदी हलका हात मारा, वरचा थर परत विरघळतो आणि पाणी निघून जातं. पुढचे हात पाऊस पूर्ण थांबल्यावर, पातळ पातळ, मध्ये सुकायला वेळ देऊन. शेवटचा हात झाल्यावर तीन-चार आठवडे घासू नका, नखाने दाबून खूण उमटत नसेल आणि वास गेला असेल तरच पेपर घ्या, आधी १००० नंबर पाण्यात भिजवून, मग २०००, मग गाडीला वापरतात ते रबिंग कंपाउंड.